कार्निटीन : गरज कोणाला, विक्री कोणाला?

गेल्या काही वर्षांत आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक नवा प्रश्न रुळला आहे : ‘डॉक्टर, एल-कार्निटीन घेतलं तर चालेल का?’ विचारणारा बहुधा पंचविशीतला असतो, नुकताच व्यायामशाळेत जाऊ लागलेला. कधी तो पोट सुटलेला चाळिशीतला गृहस्थ असतो, कधी मूल होत नाही म्हणून उपचार घेणारं जोडपं, तर कधी ‘अंगात त्राणच नाही’ म्हणणाऱ्या गृहिणीच्या हातात कुणीतरी लिहून दिलेली गोळ्यांची पट्टी असते. ‘चरबी जाळणारं’, ‘शक्ती देणारं’, ‘हृदयाचं टॉनिक’ अशा नाना रूपांत हे कार्निटीन आज दुकानांत आणि मोबाइलच्या पडद्यावर विकलं जातं.

हेच कार्निटीन रुग्णालयाच्या दुसऱ्या टोकाला, बालरुग्ण विभागात, अगदी वेगळ्या कामासाठी लागतं. जन्मजात कार्निटीन टिकवून ठेवता न येणाऱ्या बाळाला ते वेळेवर मिळालं तर दुबळं झालेलं हृदय पुन्हा सावरतं. मिळालं नाही, तर साध्या तापाच्या दोन दिवसांत बाळ हातचं जातं, आणि मृत्यूच्या दाखल्यावर भलतंच कारण लिहिलं जातं. ज्यांना गरज नाही त्यांच्या घरी बाटल्या आणि ज्यांना गरज आहे त्यांचं निदानच नाही, अशी ही विसंगती आहे. तिच्यामागे थोडं विज्ञान आहे, बराच बाजार आहे आणि आरोग्यधोरणातली एक मोठी फट आहे.

गोदामाच्या दारातला माथाडी

१९०५ मध्ये रशिया आणि जर्मनीतल्या संशोधकांनी मांसाच्या अर्कातून हा पदार्थ पहिल्यांदा वेगळा काढला. लॅटिनमधल्या ‘मांस’ या अर्थाच्या शब्दावरून त्याचं नाव पडलं. त्यानंतर जवळपास अर्धशतक हा पदार्थ शरीरात नेमकं काय करतो हे कुणाला ठाऊक नव्हतं. एका जातीच्या पिठातल्या अळ्यांना तो वाढीसाठी आवश्यक असल्याचं दिसल्यावर त्याला जीवनसत्त्वाचा दर्जाही देऊन झाला. पुढे माणसाचं शरीर तो स्वतः तयार करतं हे स्पष्ट झालं आणि जीवनसत्त्वाची बिरुदावली गेली. १९५५ च्या सुमारास अर्व्हिंग फ्रिट्झ यांनी यकृतातल्या चरबीच्या ज्वलनाला कार्निटीन चालना देतं हे दाखवलं, आणि कोडं सुटू लागलं.

आपल्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या सूक्ष्म भट्ट्या असतात. ग्लुकोज किंवा चरबी शेवटी तिथेच जाळून ऊर्जा मिळवली जाते. या भट्टीला दोन भिंती आहेत आणि आतली भिंत फार कडक आहे. लांब साखळीच्या मेदाम्लांना तिच्यातून थेट आत जाता येत नाही. मार्केट यार्डात ट्रकमधला माल जसा माथाड्याच्या पाठीवरूनच गोदामात जातो, तसं मेदाम्ल कार्निटीनच्या पाठीवर चढतं. दारावरचं एक विकर त्याला चढवतं, भिंतीतलं एक वाहक प्रथिन दोघांना आत नेतं, आतलं दुसरं विकर ओझं उतरवून घेतं आणि रिकामं झालेलं कार्निटीन पुढच्या खेपेसाठी बाहेर येतं. मेदाम्ल जळतं, कार्निटीन जळत नाही. तो हमाल आहे, इंधन नव्हे. ही गोष्ट नीट लक्षात ठेवली तर जाहिरातींतला अर्धा गोंधळ दूर होतो.

हे काम किती महत्त्वाचं आहे? हृदयाला लागणाऱ्या ऊर्जेचा मोठा वाटा चरबीतून येतो. रात्रभर पोट रिकामं राहिलं, यकृतातला साखरेचा साठा संपत आला, की यकृतही चरबीवर चालतं आणि तिच्यापासून कीटोन नावाचं इंधन बनवून मेंदूला पुरवतं. आपली एकादशी साबुदाण्याच्या खिचडीवर निभावते, त्यामुळे तिथे हा प्रसंग क्वचितच येतो. पण खऱ्या निराहार उपवासात, किंवा ताप-उलट्यांमुळे दोन दिवस न जेवलेल्या लहान मुलात, जीव तगतो तो याच व्यवस्थेवर.

बाटलीतून आलेला जास्तीचा हमाल

मग हमाल वाढवले तर माल जास्त उतरेल आणि चरबी झपाट्याने घटेल, हे बरोबर नाही का? ऐकायला बरोबर वाटतं. पण गोदामाच्या दारावर एक पहारेकरीही आहे. आपण भात, पोळी, साखर खाल्ली की इन्शुलिन वाढतं आणि पेशीत मॅलोनिल-कोए नावाचं रसायन तयार होतं. ते दारावरच्या विकराला थांबवतं. साखर हाताशी असताना चरबी जाळू नये, अशी ही शरीराची शिस्त आहे. दार बंद असताना बाहेर दहा हमाल उभे असले काय नि वीस असले काय, माल आत जात नाही. चरबी किती जळणार हे मुख्यतः आपण किती खातो आणि किती हालचाल करतो यावर ठरतं. निरोगी माणसात हमालांचा तुटवडा नसतोच.

दुसरी अडचण शोषणाची. अन्नातल्या कार्निटीनपैकी निम्म्याहून अधिक भाग शोषला जातो. गोळी किंवा पावडरच्या मोठ्या मात्रेतून मात्र जेमतेम ५ ते २५ टक्के आत जातं. रक्तात पोहोचलेलं जास्तीचं कार्निटीन मूत्रपिंड बाहेर टाकतं. स्नायूंत ते शिरणं तर आणखी अवघड. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे २० ग्रॅम कार्निटीन असतं आणि त्यातलं बहुतेक स्नायूंत. हा साठा थोडासा वाढवायलाही एका प्रयोगात दिवसातून दोनदा कार्निटीन आणि त्यासोबत प्रत्येक वेळी ८० ग्रॅम कर्बोदकं असं तब्बल २४ आठवडे द्यावं लागलं, तेव्हा तो सुमारे २१ टक्के वाढला. वजन कमी करायला निघालेल्या माणसाने रोज इतकी साखर प्यावी, यातला विनोद वेगळा सांगायला नको.

वजनाबाबतच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर कार्निटीन घेणाऱ्यांचं वजन सरासरी सव्वा किलोच्या आसपास जास्त घटलेलं दिसतं. रोजच्या चहातली साखर सोडून आणि जेवणानंतर अर्धा तास चालून एवढं सहज साधतं, तेही फुकट. हृदयविकाराच्या झटक्यानंतर कार्निटीन देऊन २,३३० रुग्णांवर इटलीत मोठी चाचणी झाली. सुरुवातीच्या पाच दिवसांत मृत्यू कमी दिसले, पण सहा महिन्यांतले मृत्यू आणि हृदयाची निकामी अवस्था या मुख्य कसोटीवर फायदा सिद्ध झाला नाही. पुरुष वंध्यत्वातले पुरावेही आश्वासक कमी आणि कच्चे जास्त आहेत.

‘फायदा नसला तरी अपाय तर नाही ना?’ हा पुढचा प्रश्न. दिवसाला ३ ग्रॅमच्या आसपास मात्रा गेली की मळमळ, पोटात कळा, जुलाब होऊ शकतात आणि अंगाला माशासारखा वास येतो. फिट्स येणाऱ्या माणसाने ते परस्पर घेऊ नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या अॅसिनोकुमॅरॉल किंवा वॉरफेरिनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्यांचा परिणाम वाढून रक्तस्रावाचा धोका संभवतो. हृदयाची झडप बदललेल्या रुग्णांनी हे विशेष ध्यानात ठेवावं. शिवाय न शोषलेल्या कार्निटीनवर आतड्यांतले जिवाणू ताव मारतात आणि त्यातून पुढे टीएमएओ नावाचा पदार्थ बनतो. २०१३ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी याचा धमन्या कठीण होण्याशी संबंध दाखवला. तोच थेट कारण आहे हे अजून ठरलेलं नाही, पण ‘हृदयाचं टॉनिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूबाबत ही शंका दुर्लक्षिण्याजोगी नाही.

शाकाहारी वाचकांसाठी एक खुलासा. लाल मांसात कार्निटीन भरपूर, दुधात थोडं, भाज्या-धान्यांत नगण्य. म्हणून शाकाहारी माणसाला ते विकत घ्यावं लागतं, असा प्रचार होतो. प्रत्यक्षात लायसिन आणि मिथिओनिन या दोन अमिनो आम्लांपासून आपलं यकृत आणि मूत्रपिंड ते बनवतात. त्यासाठी लोह, क जीवनसत्त्व आणि ब गटातली काही जीवनसत्त्वं लागतात. डाळ-भात, भाकरी-उसळ, दूध-दही, लिंबू-आवळा असलेलं ताट यासाठी पुरेसं आहे. थकवा येत असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि ब-१२ तपासा. आपल्याकडे थकव्याची कारणं बहुधा तिथेच सापडतात.

ज्यांच्याकडे हमालच नाहीत

आता नाण्याची दुसरी बाजू. काही मुलांमध्ये कार्निटीनला पेशीत ओढून घेणारा पंपच जन्मजात सदोष असतो. मूत्रपिंडातही हाच पंप काम करतो. त्यामुळे एरवी जवळपास सगळं परत शोषलं जाणारं कार्निटीन लघवीतून वाहून जातं. आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आलं तरच हा आजार होतो. आईवडील स्वतः ठणठणीत असतात आणि प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची पद्धत आपल्याकडे काही समाजांत अजून आहे. असे सगळे आजार तिथे अधिक आढळतात.

बाळ पहिले काही महिने चांगलं असतं. मग एखाद्या तापात ते दूध प्यायचं थांबतं, उलट्या होतात, गुंगी येते. रक्तातली साखर तळाला गेलेली असते आणि अशा वेळी लघवीत भरपूर दिसायला हवेत ते कीटोन दिसत नाहीत. चरबीची भट्टी पेटलीच नाही, याची ही खूण. काही मुलांत हृदयाचे स्नायू हळूहळू फुगून दुबळे होतात. काहींना प्रौढ वयापर्यंत काहीच होत नाही आणि एखाद्या दिवशी हृदयाचा ठेका बिघडतो.

फेरो बेटांनी हा आजार जगाच्या नकाशावर आणला. उत्तर अटलांटिकमधल्या, डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या या बेटांवर जेमतेम पन्नास हजार लोक राहतात. तिथली लोकसंख्या थोड्या मूळ पूर्वजांपासून वाढली, त्यामुळे हे सदोष जनुक तिथे घट्ट रुजलं. इतर देशांत हजारो जन्मांमागे एखाद्याला होणारा हा आजार तिथे सुमारे तीनशेत एकाला आहे. तरुण वयातल्या अचानक मृत्यूंमागे तो असल्याचं उघड झाल्यावर तिथल्या आरोग्य यंत्रणेने साऱ्या रहिवाशांना रक्ततपासणी देऊ केली आणि २६ हजारांहून अधिक लोकांनी ती करून घेतली. ज्यांच्यात आजार सापडला त्यांना उपचार होता तोंडाने घ्यायचं कार्निटीन, आयुष्यभर. शस्त्रक्रिया नको, कोट्यवधींचं इंजेक्शन नको. जनुकीय आजारांच्या दुनियेत इतका सोपा उपचार विरळा.

औषधांमुळे आणि डायलिसिसमुळे

कमतरतेची आणखी काही दारं आपण डॉक्टरच उघडतो. फिट्ससाठी सर्रास वापरलं जाणारं सोडियम व्हॅल्प्रोएट कार्निटीनला चिकटून त्याला लघवीवाटे बाहेर नेतं. बहुसंख्य रुग्णांना त्याचा त्रास होत नाही. पण दोन वर्षांखालची, एकाहून अधिक फिट्सची औषधं घेणारी, कुपोषित मुलं जोखमीत असतात. असं मूल अचानक सुस्तावलं, उलट्या करू लागलं, तर रक्तातला अमोनिया तपासायला हवा. व्हॅल्प्रोएटमुळे यकृत गंभीर बिघडलेल्या रुग्णांच्या एका अभ्यासात कार्निटीन दिलेल्या ४२ पैकी जवळपास निम्मे वाचले आणि न दिलेल्या ५० पैकी फक्त पाच. ही काटेकोर तुलनात्मक चाचणी नव्हती, तरी अतिदक्षता विभागात शिरेतून द्यायचं कार्निटीन ठेवायला एवढा पुरावा पुरतो. पालकांनी मात्र हे वाचून फिट्सची गोळी स्वतःहून थांबवू नये. तो धोका कितीतरी मोठा आहे.

दुसरं दार प्रतिजैविकांचं. ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘पिव्हॉक्सिल’ येतं, उदाहरणार्थ आपल्याकडे मिळणारं सेफडिटोरेन पिव्हॉक्सिल, ती शरीरात पिव्हॅलिक आम्ल सोडतात आणि ते कार्निटीनला घेऊन बाहेर पडतं. लहान मुलांत यामुळे साखर उतरल्याच्या घटनांनंतर जपानच्या औषध नियामकाने २०१२ मध्ये डॉक्टरांना सावध केलं. सर्दी-पडशाला प्रतिजैविक लिहून देण्याची आणि मागण्याची आपली सवय पाहता ही सूचना इथेही भिंतीवर लावावी अशी आहे.

तिसरं दार डायलिसिसचं. कार्निटीनचा रेणू छोटा आणि पाण्यात विरघळणारा, त्यामुळे यंत्र त्याला कचऱ्याबरोबरच काढून टाकतं. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्या रुग्णांत साठा घटतो. अमेरिकेत १९९९ मध्ये अशा रुग्णांसाठी कार्निटीनच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. पण ते सरसकट सगळ्यांना द्यावं असा पुरावा नाही. २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस मिळू लागलं, ही मोठीच सोय. त्याच रुग्णाच्या चिठ्ठीवर सवयीने बाहेरून आणायचं कार्निटीन लिहिलं तर मोफत उपचारातली बचत औषधाच्या दुकानात जाते. हिमोग्लोबिनवरचे नेहमीचे उपाय करूनही ते वाढत नसेल, डायलिसिसच्या वेळी सतत रक्तदाब पडत असेल, तर निवडक रुग्णांत ठरावीक मुदतीसाठी देऊन पाहावं. फरक पडला नाही तर थांबवावं.

टाचेतला एक थेंब

खरा प्रश्न निदानाचा आहे. कार्निटीन नुसता हमाल नाही, तो साक्षीदारही आहे. भट्टीत कुठलं काम अडलं आहे, त्यानुसार त्याच्या पाठीवर वेगवेगळं ओझं अडकून राहतं. रक्तात कोणत्या ओझ्याचं कार्निटीन किती आहे हे मोजलं की चरबीच्या ज्वलनाचे आणि प्रथिनांच्या चयापचयाचे कितीतरी जन्मजात आजार ओळखता येतात. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टीपकागदावर वाळवायचा आणि टँडम मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्रात तपासायचा. वाळलेला कागद टपालाने कुठेही पाठवता येतो. अमेरिकेत कार्निटीनच्या पंपाचा आजार नवजात तपासणीच्या मुख्य यादीतच आहे. गंमत म्हणजे, बाळाच्या रक्तात कार्निटीन कमी सापडल्यावर शोध घेता आईलाच हा आजार असल्याचं कळलं, असंही घडतं.

भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळं जन्मतात आणि या तपासणीचा राष्ट्रव्यापी कार्यक्रम नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर ती सुरू करून वाट दाखवली. केरळनेही पुढे पावलं टाकली. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांची तपासणी होते, पण ती मुख्यतः डोळ्यांना दिसणाऱ्या दोषांची, विकासातल्या विलंबाची आणि कमतरतांची. आतल्या रसायनातला बिघड तिथे निसटतो. मोठी रक्ततपासणी मोहीम आपल्याला झेपत नाही, असंही नाही. सिकलसेल निर्मूलन मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य २०२३ मध्ये आपणच ठेवलं.

उद्यापासून प्रत्येक बाळाची पन्नास आजारांसाठी तपासणी करा, असं मी म्हणणार नाही. सरकारी रुग्णालयाचं बजेट मला ठाऊक आहे. जन्मजात थायरॉइडची कमतरता अधिक सापडते आणि तिची तपासणी स्वस्त आहे, तिला पहिला मान हवा. पण एक मधली पायरी आजही शक्य आहे. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात टीपकागद ठेवावेत आणि विभागवार एक प्रयोगशाळा त्यांना जोडावी. ज्या बाळाची साखर अकारण उतरली, ज्याचं हृदय कारणाविना फुगलं, ज्याच्या घरात आधी एखादं मूल अचानक गेलं, त्याचा थेंब ग्लुकोज देण्याआधी घ्यावा, कारण उपचारानंतर खुणा पुसट होतात. वेळ असेल तर आधी थेंब, आणीबाणी असेल तर आधी ग्लुकोज, हे अर्थातच. बाळ वाचलं नाही तरी थेंब जपावा. त्या आईच्या पुढच्या बाळासाठी तो कागदाचा तुकडाच आधार ठरतो.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणानुसार मान्यताप्राप्त केंद्रांत, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांतलंच, एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मात्र त्यासाठी आजार यादीत बसायला आणि निदान हातात असायला हवं. कार्निटीनसारखं तुलनेने स्वस्त औषध तर धोरणाच्या रकमेपर्यंत जायलाही नको. लहान मुलांचं पातळ औषध आणि शिरेतून द्यायचं इंजेक्शन निवडक केंद्रांच्या साठ्यात कायम असलं, की पुरे.

तोवर वाचकांनी एवढं करावं. व्यायामशाळेत कुणी कार्निटीनची बाटली पुढे केली तर ते पैसे शेंगदाणे, अंडी, डाळी आणि चांगल्या बुटांवर खर्च करावेत. घरातलं तान्हं मूल आजारपणात काही पीत नसेल आणि झोपाळलेलं दिसत असेल, तर ‘ताप उतरला की खाईल’ म्हणून रात्र काढू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा आणि साखर तपासायला सांगावी. आणि कुटुंबात पूर्वी एखादं बाळ कारण न कळता गेलं असेल, तर ती गोष्ट ‘अशुभ’ म्हणून लपवू नये. पुढच्या बाळंतपणाआधी डॉक्टरांना सांगावी.